छापखान्यापासून भोंग्यापर्यंत

1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी आपल्या छापखान्यात मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातले काम पाहून पाहून त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला होता. तोवर पंचांगे हाताने नकलून घेतली जात. छापील कागद विकत मिळू लागला तेव्हा पुष्कळ धर्मनिष्ठ माणसे त्याला हात लावायला तयार होईनात, कारण शाईत चरबी असते असा समज होता. गणपत कृष्णाजींनी तूप वापरून शाई तयार केली आणि पंचांग घरोघर पोचले. तिथी, नक्षत्र, मुहूर्त सांगणारे हे जुने साधन आता विलायती पद्धतीच्या यंत्रातून बाहेर पडू लागले. पुढच्या दीडशे वर्षांत मराठी लेखकांनी नव्या जगाशी जो व्यवहार केला, त्यातला बराचसा या तुपाच्या शाईच्या जातीचा आहे. यंत्र नवे, मजकूर जुना. किंवा मजकूर नवा आणि साचा जुना. या सरमिसळीतून मराठीतले सर्वात जिवंत लेखन निघाले.

छपाई मराठी मुलखाला त्याआधीच शिवून गेली होती. गोव्यात 1556 साली छापखाना आला आणि 1616 साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवीतला हा ग्रंथ भाषेच्या गोडव्यामुळे आजही वाचला जातो. बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली निघाले. तरी या छपाईने मराठी समाज ढवळून निघाला नाही. वाचक असल्याशिवाय छापखाना हे नुसते अवजार असते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, कंपनी सरकारच्या कचेऱ्या आणि शाळा आल्या, टपाल आले, इंग्रजी शिकलेल्या तरुणांची पहिली पिढी मुंबईत तयार झाली, तेव्हा कुठे छापील शब्दाला गिऱ्हाईक मिळाले.

आधुनिकता या शब्दात अनेक गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. परंपरेने सांगितले म्हणून खरे, असे न मानता पुरावा मागणे. जात-कुळापेक्षा एकट्या माणसाला मोजणे. सर्वांना एकच कायदा लावणे. हाताऐवजी यंत्राने माल काढणे. सूर्याऐवजी घड्याळाने दिवस वाटणे. गावाऐवजी शहरात अनोळखी माणसांशेजारी राहणे. युरोपात या गोष्टी दोन-तीनशे वर्षांत एकेक करून रुजल्या. महाराष्ट्रात त्या दोन-तीन पिढ्यांत एकदमच आल्या, आणि त्या परक्या सत्तेबरोबर आल्या. त्यामुळे इथल्या लेखकाला त्यांचा विचार करताना राज्यकर्त्यांचाही विचार करावा लागे. ज्ञान हवे, पण ते देणारा हात मान्य करायचा का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी लेखकापुढे होता.

पहिल्या पिढीने तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवला. कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले. हे पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे. ते 1840 पर्यंत चालले, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय असत. याच बाळशास्त्रींनी 1845 साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. 1846 साली ते वारले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. एकाच माणसाने साडेपाचशे वर्षांपूर्वीची ओवी आणि युरोपातले शास्त्र दोन्ही एकाच छापखान्याच्या वाटेने लोकांपुढे ठेवावे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. ज्ञान लोकांच्या हाती पोचले पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

छपाईने मराठी गद्याची ठेवणच बदलली. महानुभावांचे गद्य, बखरी, पत्रव्यवहार असा गद्याचा मोठा साठा मराठीत होता, पण तो बोलण्याच्या ओघात लिहिलेला आणि मोठ्याने वाचायचा होता. छापील मजकूर एकट्याने, डोळ्यांनी वाचायचा. मेजर कँडी यांनी मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह रूढ केले, ते या नव्या वाचनासाठी. वाक्य कुठे थांबते हे आता वाचणाऱ्याच्या श्वासाऐवजी छापलेल्या खुणेवरून ठरू लागले. शाळेत मुले आज ज्या खुणा गिरवतात त्या अवघ्या पावणेदोनशे वर्षांच्या आहेत.

या गद्याला धार आणली गोपाळ हरी देशमुख यांनी. ‘लोकहितवादी’ या नावाने त्यांनी 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिली. ती एकशे आठ असली तरी ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. पत्र हा प्रकार त्यांनी मुद्दाम निवडला असावा. ग्रंथ पंडितांसाठी असतो. वर्तमानपत्रातले पत्र ओट्यावर बसून कोणीही वाचावे आणि त्यावर भांडावे. आपले राज्य का गेले, याचे उत्तर ते इंग्रजांच्या तोफांत शोधत नाहीत. ब्राह्मणांचे अर्थ न समजता केलेले पाठांतर, स्त्रियांना कोंडून ठेवणे, व्यापार-उद्योगाबद्दलचा आळस, यांवर ते बोट ठेवतात. स्वतःच्या जातीवर इतके कडक लिहिण्याची मराठीत फारशी सवय नव्हती. इंग्रजी राज्याबद्दलचा त्यांचा विश्वास आज भाबडा वाटतो. आत्मपरीक्षणाची ती पद्धत मात्र मराठी निबंधाने कायमची उचलली.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. अंतर 34 किलोमीटर, डबे चौदा. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ हे पुस्तक निघाले. या नावातच त्या काळची नजर दिसते: रूळ म्हणजे लोखंडाची सडक, आणि ती चमत्कार दाखवते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. मराठीत एका शहरावर लिहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ. बाजार, तलाव, देवळे, गिरण्या, जातीजमाती, सणवार, रस्ते यांची नोंद माडगावकर अशा आस्थेने करतात की वाचताना शहर हळूहळू भरत गेल्यासारखे वाटते. पूर्वी स्थळांची माहात्म्ये लिहिली जात, कारण तिथे देव असे. माडगावकरांनी मुंबईचे माहात्म्य तिथल्या माणसांच्या उद्योगावर लिहिले.

त्याच दशकांचा दुसरा प्रवास कोकणातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा. यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून ते 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा आणि शहराची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी 1880 नंतर आठवणी लिहून काढल्या आणि ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. भटजींच्या लेखनात सिद्धान्त नाही, सुधारणेचा पुरस्कार नाही, विरोधही नाही. पायी चालणारा, शकुन पाहणारा, गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतणारा एक जुना माणूस नव्या सत्तेचे तोंड अगदी जवळून पाहतो आणि जसे दिसले तसे सांगतो. मुंबईच्या विद्वानांना आगगाडी दिसत होती त्याच सुमारास झाशीच्या गल्ल्यांत काय दिसत होते, हे मराठीला या एका भिक्षुकाने सांगितले. सरळ बोलीतले हे गद्य त्या शतकातल्या पुष्कळ घोटीव निबंधांपेक्षा जास्त टिकले आहे.

जोतीराव फुले यांची जागा या सर्वांहून वेगळी होती. ज्यांना पाठशाळेत कधीच प्रवेश नव्हता त्यांच्या बाजूने ते आधुनिकतेकडे पाहत होते. तिथून पाहिले की इंग्रजी शाळा, छापखाना आणि कायदा या शेकडो वर्षांची कोंडी फोडणाऱ्या गोष्टी ठरतात. 1848 मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एका कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो ते दाखवले आहे, आणि हे तिसरे रत्न म्हणजे विद्येने उघडणारा तिसरा डोळा. 1873 च्या ‘गुलामगिरी’चे अर्पण त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना केले. पुण्यातला एक माणूस आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचे दुःख शेजारी ठेवून पाहतो. जग एवढे मोठे करून पाहण्याची दृष्टी तेव्हाच्या पदवीधरांतही क्वचितच होती.

फुले यांनी लेखनासाठी निवडलेले साचे मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. शिवाजी महाराजांवर त्यांनी 1869 मध्ये पोवाडा रचला, ‘गुलामगिरी’ प्रश्नोत्तरांत लिहिली, आणि आपल्या धर्मविषयक पद्यरचनांना ‘अखंड’ म्हटले. त्यांची घडण अभंगाची आहे. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या कानावर पोवाडा आणि अभंग आधीच होते. वाचता न येणाऱ्यालाही ते ऐकता येत. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये ते नव्या राज्याकडेही वळतात. जंगलखाते गुरांची चराई बंद करते, कालव्याचे पाणी वेळेवर मिळत नाही, कोर्टात कारकून लाच खातात, साहेब अहवालावर विसंबून राहतो. नव्या व्यवस्थेतल्या खुर्च्यांवर जुनेच वरिष्ठ बसले, हे त्यांनी नेमके ओळखले. 1885 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती. तिचे निमंत्रण नाकारताना त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आमच्या दुःखाशी ज्यांच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही त्यांच्याबरोबर आम्ही का बसावे, असा त्याचा आशय होता. मराठीत आधुनिक साहित्याची संस्था आकार घेत होती, त्याच वेळी तिला विचारलेला हा प्रश्न पुढची शंभर वर्षे गाजत राहिला.

फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ मध्ये छापला गेला. तेव्हा ती अवघी चौदा-एक वर्षांची होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आहे, आणि वेद ज्यांचे, धर्म ज्यांचा, त्यात आम्हाला जागा कुठे, असे ती धर्माच्या ठेकेदारांना सरळ विचारते. त्या काळातल्या कोणत्याही मान्यवर निबंधकारापेक्षा या मुलीने कमी पानांत जास्त सांगितले आहे. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत तिला जी जागा मिळायला हवी होती ती फार उशिरा मिळू लागली.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली आधुनिकता घराच्या आतून आली, म्हणून तिचे चित्रही वेगळे आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या 1857 च्या कादंबरीत एक जोडपे प्रवास करता करता ठिकठिकाणच्या विधवांची स्थिती पाहते. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी ती हीच. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः दिली. यमू ही बालविधवा स्वतःची कहाणी स्वतः सांगते, अगदी केशवपनाच्या बळजबरीपर्यंत. दर आठवड्याला ही कथा घराघरांत वाचली जात होती. ज्या घरांत तसे घडत होते त्याच घरांत ती जाई, हे कादंबरीच्या परिणामाचे मोठे कारण आहे.

पण यमूच्या तोंडून बोलणारे हरिभाऊ होते. स्त्री स्वतः बोलली तेव्हा सूर चढा होता. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवली जाऊ लागली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून काढली. बायको मेली की नवऱ्याला दुसरी, नवरा मेला की बायकोचे डोके भादरायचे, हा न्याय कोणता, असे त्या विचारतात. सुधारकांनाही त्या सोडत नाहीत: व्याख्याने देणारे घरी काय करतात ते त्यांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि 1889 मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर प्रवासवृत्त लिहिले. गोऱ्यांच्या देशाकडे हिंदुस्थानातली एक विधवा अभ्यासकाच्या नजरेने पाहते आणि तिथल्या स्त्रियांच्या संघटना, शाळा, त्याचबरोबर वर्णद्वेषही नोंदते.

या साऱ्या लेखनात एक दृश्य पुन्हा पुन्हा येते: वाचायला शिकणारी बाई. रमाबाई रानडे यांच्या 1910 च्या आठवणींत नवरा शिकवतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारतात. दिवसभर त्या बायकांत आणि रात्री पुस्तकाशी, असे दुहेरी आयुष्य त्या काढतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये हेच शिक्षण वेगळ्या मजेने येते. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली आणि मग स्वतःच्या विचाराने त्याच्याकडे गेली. ज्याच्या-त्याच्या हातचे पाणी पिण्याचा प्रसंग, प्लेगचे दिवस, दारिद्र्य, नवऱ्याचा संताप आणि औदार्य, सर्व काही त्या शेजारणीला सांगावे तसे सांगतात. आधुनिकतेवर मराठीत शेकडो निबंध झाले. तिने माणूस आतून कसा बदलतो हे समजून घ्यायला ‘स्मृतिचित्रे’ इतके चांगले पुस्तक दुसरे नाही.

शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत वादाची भाषा तापली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’ने 1874 पासून इंग्रजीच्या दिपवणाऱ्या प्रभावाविरुद्ध स्वभाषेचा अभिमान जागवला आणि तसे करताना इंग्रजी निबंधाचाच डौल मराठीत आणला. फुले आणि लोकहितवादी यांच्यावर त्यांनी केलेली टीका मात्र अन्यायाची होती. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढले. बुद्धीला पटेल तेवढेच मानायचे, या त्यांच्या हट्टापायी सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

कवितेत हा बदल केशवसुतांनी आणला. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे नाव. मालगुंडला जन्मलेले, शाळामास्तरकी करणारे, 1905 मध्ये प्लेगने गेलेले. त्यांच्याआधी कवी भक्त होता, पंडित होता किंवा शाहीर होता. केशवसुतांच्या कवितेत कवी हा एकटा माणूस म्हणून उभा राहतो आणि आपल्या मनात काय चालले आहे हे सांगणे पुरेसे मानतो. 1893 च्या ‘तुतारी’त तो समाजाला हाक देतो, तर ‘झपूर्झा’त जाणिवेच्या पलीकडच्या अवस्थेचा शोध घेतो. अंत्यज मुलाच्या मनातला प्रश्न आणि मजुराची उपासमार त्याच्या कवितेत आली. इंग्रजीतल्या चौदा ओळींच्या रचनेला मराठीत ‘सुनीत’ म्हणून जागा मिळाली तीही त्यांच्यामुळे. मराठी कवितेत ‘मी’ हा शब्द आज इतका सहज येतो, त्याची सुरुवात इथे आहे.

दरम्यान मुंबईत दुसरे एक यंत्र दिवसावर ताबा मिळवत होते. 1850 नंतरच्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडीचा चेहरा बदलला. कोकणातून, घाटावरून माणसे आली, चाळीत राहिली, भोंग्यावर उठू लागली. शहराचे घड्याळही वादाचा विषय झाले. 1906 मध्ये देशभर एकच प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ महापालिकेने 1955 पर्यंत चालवली. गिरणीतल्या माणसाला मात्र तास मोजून मिळत. फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून चालवले, 1884 मध्ये गिरणीकामगारांची संघटना बांधली आणि रविवारच्या सुट्टीसाठी लढा दिला. 1890 मध्ये ती सुट्टी मिळाली. गिरणीकामगारांना ही सुट्टी एका मराठी संपादकाच्या लेखणीने आणि मोर्चेबांधणीने मिळवून दिली.

गिरणीच्या मुंबईवर सर्वात आधी कोणी रचले असेल तर ते गावाकडे मागे राहिलेल्या बायकांनी. जात्यावरच्या ओव्यांत आगगाडी येते, मुंबईला गेलेला भाऊ येतो, त्याची नोकरी येते. या रचनाकारांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाहीत. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले, आणि दळणाबरोबर ओवीही थांबली. एका यंत्राने एक संपूर्ण काव्यप्रकार बंद पाडला. बायकांचे खांदे त्या कष्टातून सुटले हेही तितकेच खरे आहे, आणि ओवीच्या आठवणीने हळहळणाऱ्या कोणीही ते विसरू नये.

छापील साहित्यात गिरणी उशिरा आली. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी 1933 ची. त्याच वर्षी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या या कथांनी एवढे वादळ उठवले की लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. त्या मालती बेडेकर होत्या. शिक्षण मिळाले, पण त्या शिक्षणाने जागे झालेल्या मनाचे काय करायचे हे समाजाला सुचले नव्हते, ही त्या कथांची दुखरी जागा होती.

दुसऱ्या महायुद्धाने यंत्रावरचा भाबडा विश्वास संपवला आणि त्याचा सर्वात खोल ठसा बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितेवर उमटला. खानदेशातल्या फैजपूरला 1909 मध्ये जन्मलेले मर्ढेकर इंग्लंडला जाऊन आले, पुढे रेडिओवर नोकरी करू लागले. ‘शिशिरागम’ हा त्यांचा 1939 चा संग्रह रविकिरण मंडळ या कविगटाच्या वळणाचा आहे. ‘काही कविता’ 1947 मध्ये आला तेव्हा तो कवी ओळखू येत नव्हता. घड्याळाच्या काट्यावर धावणारे कारकून, कारखान्यात जाणारे मजूर, जगण्यामरण्याची सक्ती झालेले उंदीर, औषधांची आणि यंत्रांची नावे यांनी ती कविता भरली होती. हे सगळे त्यांनी ओतले अभंगात आणि ओवीत. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांनी ज्या लयीत देवाशी बोलणे केले त्याच लयीत मर्ढेकर गिरणीच्या आणि युद्धाच्या काळातल्या देवाशी बोलतात, आणि उत्तर येईल याची खात्री त्यांना नाही. भक्तीची लय कानात असलेल्या वाचकाला ही रिकामी जागा फार जोरात ऐकू येते. मुक्तछंदात हे साधले नसते. या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. 1956 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. दीर्घ पल्ल्याच्या मराठी नवकवितेचा पाया त्यांनी घातला.

मर्ढेकरांनी गर्दीतल्या माणसाकडे खिडकीतून पाहिले. त्या गर्दीतून चालत आलेला लेखक होता अण्णा भाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात 1920 मध्ये जन्म, शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, आईबापांबरोबर पायी चालत मुंबई गाठलेली, गिरणीत काम केलेले, वस्ती माटुंग्याच्या लेबर कँपात. पठ्ठे बापूरावांनी ‘मुंबईची लावणी’ लिहून या नगरीची श्रीमंती गायली होती. अण्णा भाऊंनी त्याच नावाची लावणी लिहिली आणि तीत फोरास रोड, नाक्यावरचे हमाल, उपाशी झोपणारी माणसे उभी केली. तमाशाचे त्यांनी लोकनाट्य केले, कामगारांच्या मैदानांवर नेले. फुले यांच्या पोवाड्याचा हा थेट वारसा आहे. त्यांच्या मागोमाग नारायण सुर्वे आले. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने रस्त्यावर सापडलेले मूल वाढवले, ते मूल पुढे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चा आणि ‘माझे विद्यापीठ’ 1966 चा. रस्ता, नाका, संप, सभा हेच त्यांचे विद्यापीठ. शहराने त्यांचे हाल केले तरी या दोघांनी शहराला शिव्याशाप दिले नाहीत; अण्णा भाऊंना तर गावात आणखी वाईट मिळाले होते. गावच्या आठवणीने व्याकूळ होण्याची चैन सवर्ण लेखकांना परवडली.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963 च्या संग्रहात गावापेक्षा बरे जगणे देण्याचे शहराचे वचनही तपासले जाते. खोली भाड्याने मिळावी म्हणून जात लपवणारा माणूस आणि ती उघड होताच पडणारा मार, हे नव्या शहरातले जुने गाव आहे. नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ 1972 मध्ये आले. कामाठीपुऱ्याची बोली मराठी कवितेत प्रथमच एवढ्या ताकदीने शिरली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले अनेक शब्द कवीकडून समजून घ्यावे लागले. 1885 मध्ये फुले यांनी ग्रंथकारांना जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर आता दुसऱ्या कोणाकडून येण्याची वाट पाहायची नाही, असे या पिढीने ठरवले होते.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या आणि जमिनींवर मनोरे उभे राहिले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक 1997 मध्ये रंगमंचावर आले. त्यात लालबाग-परळच्या चाळीतले धुरी कुटुंब दिसते: बाप गेलेला, आई घर ओढते आहे, मुलांपैकी एक लेखक होऊ पाहतो, एक गुंडांच्या टोळीत ओढला जातो, कोणालाच कामावर जायचे नाही. पहाटे त्यांना उठवणारा भोंगा आता वाजत नाही.